तहानलेली चकती

थेरगाव,
१२ फेब्रुवारी १९७९

लाला,

रामराम. भाभींना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण जे ठीक आहे ते सगळं डावीकडचं आहे. उजवीकडची हकिगत सांगतो.

नोव्हेंबरात कंपनीत लेथवर जॉब, म्हणजे फिरवत कापायचं लोखंड, लावलेला असताना टूलचं टोक तुटलं आणि तुकडा उजव्या डोळ्यात गेला. गॉगल कपाळावर होता. कपाळाला काही झालं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढला. पण डोळ्यातलं भिंग तोवर दुधासारखं पांढरं पडलं होतं, म्हणून पुढे तेही काढलं. त्याच्या बदल्यात चष्म्याला उजवीकडे बाटलीच्या बुडासारखी जाड काच बसवून दिली. त्या काचेतून स्वच्छ दिसतं. अडचण एवढीच, की डाव्या डोळ्याला दिसतं त्यापेक्षा मोठं दिसतं. म्हणजे प्रत्येक वस्तूच्या दोन वस्तू, एक थोरली आणि एक धाकटी, एकमेकींवर कललेल्या. सध्या घरात दोन यशोदा आहेत. दोघी एकदमच रागावतात.

चहा ओतायला गेलो तर कपाशेजारी पडतो. एक डोळा मिटला की सगळं जागच्या जागी येतं, म्हणून मी बहुतेक तसाच हिंडतो. नळावरच्या शालनबाईंचा त्यावरून गैरसमज झाला. यशोदा समजावून सांगायला गेली, पण सांगताना तिलाच हसू फुटलं, त्यामुळे शालनबाईंना ते फारसं पटलेलं नाही.

कंपनीनं मला गेटवर बसवलंय. आलेल्या ट्रकचे नंबर टिपायचे. माझ्या लेथवर आता बरकत उभा असतो. बरकत म्हणजे परभणीकडचा टर्नर, माझ्याच हाताखाली तयार झालेला. जेवणाच्या सुट्टीत मी मशीन बघायला जातो तर तो "या उस्ताद" म्हणतो आणि बसायला स्टूल देतो. माझ्याच मशीनशेजारी मला पाहुण्यासारखं बसवतो, लाला. त्या स्टुलावर बसलो की डबा न उघडताच उठतो.

कंपनीचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांनी मिळून एका वस्तूची एकच वस्तू दिसली, तर लेथ परत. दिवाळीच्या आधी तपासणार. तेव्हाही दोन दिसल्या तर गेट कायमचं. मला गेट नको आहे. मला माझं मशीन पाहिजे. मिरजेत तुझं चष्म्याचं दुकान आहे, आणि शाळेपासून तू मला शहाणपण शिकवत आलास. त्यातलं एकदा उपयोगी पडू दे. वस्तू एक होईल असा चष्मा पाठव.

तुझा,
सयाजी


मिरज,
२१ फेब्रुवारी १९७९

सयाजी,

सलाम. कपाळ वाचल्याचं वाचून बरं वाटलं. आत काही नसलं तरी चष्म्याखाली कपाळ शोभतं.

तू मागतोस तसा चष्मा दुनियेत नाही. काच डोळ्यापासून लांब असते, म्हणून ती वस्तू फुगवून दाखवते. तेच भिंग थेट बुबुळावर बसवलं, तर फुगवटा जवळजवळ जातो आणि दोन्ही वहिनी एक होतात. (कमरुन्निसा म्हणते, एक पुरे आहे.)

बुबुळावर बसवायची कडक भिंगं असतात, पण तुझ्या डोळ्यावर जखमेचा वण आहे, त्याला ती सोसायची नाहीत. आता मऊ भिंग निघालं आहे. ते एका नवीन प्लास्टिकचं असतं, आणि त्या प्लास्टिकला तहान लागते. चेष्टा करत नाही. कोरडं असताना ते काचेसारखं कडक असतं, नखानं वाजवलं तर टकटक वाजतं. मिठाच्या पाण्यात टाकलं की पाणी पिऊन फुगतं आणि सायीसारखं मऊ होतं. साखरेसारखं विरघळत का नाही, म्हणशील. कारण त्याचे धागे स्वेटरसारखे एकमेकांत गुंतवून जागोजाग गाठी मारलेले असतात. पाणी धाग्यांच्या मधे जाऊन बसतं, गाठी सुटत नाहीत. डॉक्टर लोक म्हणे याच जातीच्या प्लास्टिकात औषध मुरवून ते अंगात हळूहळू सोडायचं बघताहेत, भाजलेल्या कातडीवर ओल्या पट्टीसारखं लावायचं बघताहेत. माणसाच्या अंगातही निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून अंग त्याला परकं समजत नाही. हे मी वाचलंय, त्यामुळे खरं असावं.

तुझ्या नंबरचं तयार भिंग परदेशातून मागवलं तर दिवाळीपर्यंत येईल. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते व्यापारी सांगत नाही. पण त्याच प्लास्टिकच्या तीन कोरड्या चकत्या मी मुंबईहून मिळवल्या आहेत. शर्टाच्या बटणाएवढ्या आहेत. त्या लेथवर कापून भिंग करायचं, मग पाण्यात टाकायचं. पॉलिश आणि पाणी माझ्याकडे लागलं. कापायला पक्क्या हाताचा टर्नर पाहिजे. माझ्या ओळखीत एकच आहे, आणि तो सध्या चहा कपाशेजारी ओततो.

तेव्हा विचारतो. तुझ्या मशीनवर जो उभा आहे, त्याचा हात कसा आहे?

लालमहंमद


थेरगाव,
४ मार्च १९७९

लाला,

हात चांगला आहे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर.

बरकतला चहाच्या टपरीवर गाठून सगळं सांगितलं. त्यानं बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि विचारलं, "उस्ताद, हे जमलं तर तुमी मशीनवर येणार ना?"

"येणार."

"मंग मी?"

मी म्हटलं, तुला दुसरं मशीन मिळेल. दुसरं मशीन म्हणजे मागच्या भिंतीजवळचं, जुनं, नेहमी रात्रीच्या थर्ड शिफ्टला चालणारं. ते कुणाला नको असतं हे मलाही माहीत आहे आणि त्यालाही. तो म्हणाला, "कवा कापायचं, सांगा."

एवढ्या लवकर हो का म्हणाला, हे मला कळलं नाही. यशोदा म्हणते, तुमचं डोकं पण दोन दोन दाखवतं. भोसरीला त्याच्या मेव्हण्याचं छोटं वर्कशॉप आहे, तिथलं लेथ रविवारी मोकळं असतं. मी पुढच्या आठवड्यात डोळ्याचं माप द्यायला मिरजेला येतो. चकत्या तेव्हाच दे.

सयाजी


मिरज,
१९ मार्च १९७९

सयाजी,

तू दोन चकत्या घेऊन गेलास, तिसरी मी ठेवून घेतली. मी तुला ओळखतो. मापं कागदावर दिली आहेत, तरी एक गोष्ट परत लिहितो. चकती पाण्यात गेल्यावर चोहोबाजूंनी पाचव्या हिश्श्यानं वाढते. म्हणून मापं मुद्दाम लहान काढलेली आहेत. कापताना बरकतला ती चुकीची वाटतील. तशीच कापायची.

आणि चकती कोरडी ठेवायची. कोरडी म्हणजे कोरडी.

लालमहंमद


थेरगाव,
९ एप्रिल १९७९

लाला,

घोटाळा झाला. बरकतनं चकती घालवली.

काल भोसरीला गेलो. बरकतनं हिऱ्याच्या टोकाचं टूल कुठून तरी मागून आणलं होतं. चकती लावली, आतली गोलाई कापली. नुसता पांढरा भुगा पडत होता, पिठाच्या गिरणीत पडावा तसा. अर्धं काम झाल्यावर चहाला गेलो. परत आलो तर चकती चिकट झालेली, एका अंगानं फुगलेली, आणि लेथच्या जबड्यात, चकमध्ये, जिथं पकडली होती तिथं तडा गेलेला. टूल लावलं तर कापायच्या ऐवजी ओरबाडून निघाली. बरकत तिच्याकडे बघत राहिला, बोलला काहीच नाही.

बोलेल कशाला? मला लेथ मिळालं तर त्याला थर्ड शिफ्ट आहे. मी शिकवलेला माणूस माझ्याशी असं वागेल असं वाटलं नव्हतं. फार लागलं मनाला. आता दुसरी चकती कापायला कुणाकडे द्यायची ते कळव.

सयाजी


मिरज,
१६ एप्रिल १९७९

सयाजी,

ती चकती आपल्या मनानं फुगत नाही. तिला कुणीतरी पाणी पाजलं. तुझ्या पत्रात भोसरी आहे, हिरा आहे, चहा आहे, पिठाची गिरणीसुद्धा आहे. पाणी कुठेच नाही. पाणी कुणी सोडलं?

लालमहंमद


थेरगाव,
२३ एप्रिल १९७९

लाला,

कूलंट मी सोडलं.

तुला लेथचं काही कळत नाही, म्हणून सांगतो. लेथवर जॉब कापताना वरून कूलंटची धार असते. पाण्यात तेल घोटलेलं, ताकासारखं पांढरं. ती नसली तर टूल जळतं. पहिल्या दिवसापासून हेच शिकलो आणि बरकतलाही हेच शिकवलं. धार बंद ठेवून काम केलं म्हणून एकदा त्याला मी सगळ्यांसमोर बोललो होतो. भोसरीला तो कोरडं कापत होता आणि मी शेजारी उभा होतो. लाला, मला ते बघवेना. चहाला निघताना माझा हात आपोआप धारेच्या कॉकवर गेला. त्याला वाटलं मी कॉक बंद आहे का ते बघतोय.

म्हणजे चकती फुगल्यावर तो तिच्याकडे बघत उभा होता, तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. तरी बोलला नाही. मी त्याच्याकडे जाऊन सांगितलं, माझं चुकलं. तो म्हणाला, "उस्ताद, सवय हाय ती. सवयीला काय बोलणार?" मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

दुसरी चकती काल कापली. बरकतनं मला बाहेर ओट्यावर बसवलं आणि आतून कडी लावली. संध्याकाळी बाहेर येऊन डबी हातात दिली. आत एक एवढंसं काहीतरी आहे, माशाच्या खवल्यासारखं. यशोदेच्या भावाबरोबर पाठवतोय.

सयाजी


मिरज,
२ जुलै १९७९

सयाजी,

तू सुखरूप पोचलास आणि भिंगही पोचलं हे कळलं. इथे तू भिंग घालून दारात उभा राहिलास आणि समोरच्या हॉटेलाची पाटी वाचून "एकच आहे" म्हणालास, तेव्हा कमरुन्निसा आत जाऊन डोळे पुसून आली. मलाही दुकानात काहीतरी शोधावं लागलं. बरकतचा हात पक्का आहे. मला पॉलिशला फारसं काही उरलंच नव्हतं.

आता ऐक. रोज निजण्याआधी भिंग काढायचं, मिठाच्या पाण्यात उकळायचं. कोरडं पडलं तर तडकेल. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, डोळ्यात बसलं म्हणून त्याची तहान भागत नाही. जे जवळ येईल ते पितं. तेलाची वाफ, धूर, कूलंटचे तुषार, सगळं आत घेऊन ठेवील आणि दिवसभर बुबुळाला पाजत राहील. त्यामुळे ते घालून लेथजवळ उभं राहता येणार नाही. हे मी तुला दुकानात सांगितलं. तू मान डोलावलीस. पण तुझी मान मी चौथीपासून ओळखतो.

डोळ्यासाठी भिंग केलं, सयाजी. लेथसाठी दुसरा काही मार्ग निघतो का बघू. तुझ्या डॉक्टरांशी मोकळेपणानं बोल.

लालमहंमद


थेरगाव,
१० ऑक्टोबर १९७९

लाला,

पास!

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, दोऱ्यात सुई ओवायला लावली. दोऱ्यात सुई नव्हे, सुईत दोरा. आनंदात उलटं लिहिलं. पहिल्या फटक्यात ओवला. डॉक्टर म्हणाले, चष्मा कुठाय? मी म्हटलं, भिंग डोळ्यातच आहे. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, त्यांना काही दिसलं नाही. म्हणाले, असेल.

सोमवारपासून मशीनवर आहे. गॉगल कपाळावर नाही, नाकावर आहे, हे भाभींना सांग. बरकतनं मशीन पुसून, तेल घालून ठेवलं होतं. तो आता थर्ड शिफ्टला असतो.

घरी यशोदा एकच आहे. किती दिवसांनी तिचं तोंड नीट बघितलं. थोडी वाळली आहे माझ्या काळजीनं. भिंग रोज उकळतो. परवा घरमालकीण अंबूबाई डोकावली आणि भांड्यात बघून म्हणाली, "ह्ये काय शिजतंय गं यशोदे? एवढंच? पाव्हणा आला तर काय करशील?"

तुझे उपकार फिटायचे नाहीत.

सयाजी


मिरज,
१८ ऑक्टोबर १९७९

सयाजी,

मुबारक. मिठाई वाटली.

मशीनवर असताना भिंग कुठे असतं?

लालमहंमद


थेरगाव,
३० नोव्हेंबर १९७९

लाला,

थंडी चांगली पडली आहे. पवनेच्या काठानं सायकलवर जाताना हात गारठतात. यंदा गूळ छान आला आहे, भाभींसाठी पाठवतो. भिंग उत्तम आहे. बाकी सर्व ठीक.

सयाजी


भोसरी,
११ जानेवारी १९८०

जनाब लालमहंमदभाई,

अस्सलाम वालेकुम. मी बरकत. चकती कापणारा. तुमचा पत्ता चकतीच्या डबीवर होता, म्हणून लिहितो. माझं मराठी शाळेतलं आहे, समजून घ्या.

उस्ताद भिंग घालूनच मशीनवर काम करतात. कूलंटची धार पण फुल सोडतात. महिनाभर डोळा लाल आहे. शिफ्ट बदलताना मी बघतो. भिंग पिवळं पडलं आहे, उजेडात उभे राहिले की दिसतं. मी विचारलं तर म्हणाले झोप झाली नाही. वहिनींना म्हणाले चुलीचा धूर लागला. वहिनींकडे स्टोव्ह आहे.

मी सुपरवायझरला सांगू शकतो. पण मी सांगितलं तर मशीन मला मिळेल. मग कारखान्यातली सगळी शॉप म्हणेल, बरकतनं मशीनसाठी चुगली केली. उस्ताद पण तेच म्हणतील. आणि मला मशीन हवं आहे, भाईसाब, हे खोटं नाही. थर्ड शिफ्टमध्ये माझी लहान मुलगी मला फक्त झोपलेला बघते. म्हणून माझी मलाच खात्री नाही की मी कशासाठी सांगतोय. पण डोळा तर लाल आहे. तो माझ्या मशीनच्या इच्छेनं लाल झालेला नाही.

तुम्ही त्यांचे दोस्त आहात. तुम्ही काय ते करा. लवकर करा.

आपला,
बरकत


मिरज,
१५ जानेवारी १९८०

सयाजी,

हे पत्र वाचलंस की भिंग काढ. खाली बसून, हात धुऊन, आत्ता. मग बाकीचं वाच.

मला कुणी कळवलं ते विचारू नकोस. तू गूळ पाठवलास तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू काही लपवत असलास की गूळ पाठवतोस.

आज पुण्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. उद्या नाही. यशोदावहिनींना बरोबर घेऊन जा, आणि हे पत्र त्यांना दाखव. दाखवणार नाहीस, म्हणून त्यांनाही वेगळं पत्र टाकलं आहे.

मी रागावलो आहे. एवढं सगळं केलं ते तू डोळ्यानं बघावंस म्हणून, आणि तू तो डोळा कूलंटमध्ये बुडवून ठेवलास.

तिसरी चकती माझ्याकडे आहे. ती मी तुला देत नाही. बरकतकडे पाठवली आहे, नवीन मापं सोबत लिहून. कापायची की नाही, हे तो ठरवील.

लालमहंमद


थेरगाव,
१६ मार्च १९८०

लाला,

उशीर झाला. बरेच दिवस लिहायला परवानगी नव्हती आणि नंतर तोंड नव्हतं.

बुबुळावर जखम होती. पांढरा ठिपका पडला होता. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर केला असता तर डोळा काढूनच टाकावा लागला असता. हे ते माझ्याकडे न बघता यशोदेला सांगत होते. परत येताना थेरगावला बसमधून उतरल्यावर यशोदा म्हणाली, "तुम्हाला मशीन एवढं लाडकं, तर त्याच्याशीच लग्न करायचं होतं." आणि मग रस्त्यातच रडली. शालनबाई समोरून येत होत्या, त्यांनी या वेळी काही गैरसमज करून घेतला नाही. तिला धरून घरी आणलं.

डोळा बरा होत आला तेव्हा बरकत घरी आला. डबी काढून समोर ठेवली. म्हणाला, "चकती आली हाय मिरजेवरून. आजून कापली न्हाई. मशीनवर हुबं राहणार असाल तर कापणार न्हाई."

मी म्हटलं, "म्हणजे मशीन तुला."

"व्हय. मला."

"लोक काय म्हणतील ठाऊक आहे?"

"म्हणतील बरकतनं डाव साधला. म्हणू द्या. तुमी काय म्हणता ते सांगा."

मी त्याला म्हटलं, चालता हो. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. डबी न्यायला मात्र विसरला नाही. मला तेवढ्यात सुद्धा वाटलं, हा माणूस टर्नर आहे, याच्या हातून काही सुटत नाही.

त्यानंतर चष्मा लावून बसलो. पुन्हा दोन यशोदा, एक थोरली, एक धाकटी. दोघी तांदूळ निवडत होत्या. एकीनंही वर बघितलं नाही. लाला, मशीनवर माझा जीव आहे. त्याचा आवाज बदलला तरी मला कळतं, काय बिघडलंय ते. पण त्या दिवशी दोन बायका बघत बसलो आणि वाटलं, मशीनला मी नसलो तरी दुसरं कुणीतरी आहे. हिला नाही. एवढी सोपी गोष्ट कळायला मला एक डोळा खर्ची घालायला निघावं लागलं. माझ्यासारखा गाढव मीच.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. तो आधी ओरडला, मग पाणी दिलं. आता मी इन्स्पेक्शनमध्ये आहे. काचेची बंद खोली आहे, आत तेल नाही, धूर नाही. लेथवरून आलेले जॉब मोजायचे, बरोबर असला तर शिक्का, नसला तर परत. बरकतनं चकती कापली, तुझं पॉलिश झालं, तुझ्याकडून भिंग आलं तेव्हापासून तेच घालून बसतो. त्याला पाणी, मला पगार, दोघांचं चाललंय. बरकत माझ्या मशीनवर आहे. त्याच्या मशीनवर, म्हणजे.

परवा त्याचा पहिला जॉब माझ्या टेबलावर आला. मायक्रोमीटर लावला. बरोबर होता. चूक सापडावी म्हणून परत मोजला. उजेडाला धरून बघितला, बोट फिरवून बघितलं. कुठे काही नाही. मी करायचो त्यापेक्षा कणभर सरसच होता. शिक्का मारला.

संध्याकाळी घरी आलो आणि ओसरीवर बसून रडलो. खूप रडलो. यशोदा जवळ येऊन बसली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, अहो, भिंग आतच आहे ना, रडलेलं चालतं का त्याला? मला माहीत नव्हतं. म्हटलं, लालाला विचारतो.

तर विचारतोय. चालतं का?

सयाजी